दहा आण्यांचे डास

आपल्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही. सूक्ष्मदर्शक यंत्र मी आयुष्यात एकदाच पाहिले, तेही शाळेतल्या काचेच्या कपाटात कुलूपबंद. तेव्हा कला शाखेच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने डास आणि हिवताप असल्या विषयावर लेखणी का उचलावी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. माझी उत्तरे दोन आहेत. एक म्हणजे, ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो माणूस मनाने आपल्याच शाखेचा होता. त्याला डॉक्टर व्हायचेच नव्हते. चित्रे काढायची होती, कविता आणि कादंबऱ्या लिहायच्या होत्या. दुसरे उत्तर घरचे आहे.

माझी एक चुलत बहीण होती. मी शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच ती गेली. आधी हुडहुडी भरून ताप, मग बडबड, मग शुद्ध हरपली. तालुक्याच्या गावी नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांनी कागदावर मेंदूचा हिवताप असे लिहिले. आमच्या घरी मात्र आजही सांगतात, की पोर दिवेलागणीला नाल्याकाठी गेली होती, तिला वारं लागलं. मी बारावी पास झाले, महाविद्यालयात आले, तेव्हा मला आजीच्या या बोलण्याचा राग येऊ लागला. अडाणीपणा वाटू लागला. मग मागील वर्षी ग्रंथालयात वाचनात आले, की मलेरिया हा शब्दच मुळी इटालियन भाषेतील असून त्याचा अर्थ वाईट हवा असा आहे! म्हणजे जे माझी आजी सांगते तेच युरोपातील मोठमोठे वैद्यही शेकडो वर्षे सांगत होते. दलदलीतून दूषित वाफा उठतात, संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर त्या अंगाला लागतात, आणि ताप येतो. नाला खरा, तिन्हीसांजेची वेळही खरी. त्या वाऱ्यातून उडत काय येते, एवढेच कोणाला ठाऊक नव्हते. ते ज्याने शोधून काढले त्या रोनाल्ड रॉसची ही कथा आहे.

रॉसचा जन्म आपल्याच देशातला, हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथला. तारीख १३ मे १८५७. मीरतच्या छावणीत शिपायांनी बंड पुकारल्याला त्या दिवशी अवघे तीन दिवस झाले होते. बाप इंग्रजांच्या लष्करात अधिकारी, पुढे सेनापतीच्या हुद्द्यापर्यंत चढलेला. दहा भावंडांत रोनाल्ड सर्वांत थोरला. आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. त्या काळच्या साहेबांच्या मुलांची हीच रीत होती. आईबाप हिंदुस्थानात आणि मूल सातासमुद्रापार. मुलगा चित्रे चांगली काढी, गणितातही त्याला गोडी होती, पण मनात भरले होते ते काव्य. बापाने मात्र ठरवून टाकले होते, की पोराने हिंदुस्थानच्या सरकारी वैद्यकीय सेवेत जायचे. बापाच्या शब्दापुढे इलाज नसतो हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगायला नको. सतराव्या वर्षी रॉस लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यक शिकू लागला.

आणि तिथे त्याने काय केले? काव्य केले, संगीत रचले, नाटके लिहिली. अभ्यास तेवढा केला नाही. शस्त्रवैद्याची परीक्षा तो १८७९ साली कसाबसा उत्तीर्ण झाला, पण वैद्यकीची दुसरी परीक्षा नापास. बापाने पैसे बंद करू नयेत म्हणून त्याने अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर डॉक्टरची नोकरी धरली आणि पुन्हा परीक्षेला बसला. अखेर १८८१ साली सगळे सोपस्कार उरकून तो हिंदुस्थानात आला. पुढे ज्याला नोबेल पारितोषिक मिळाले त्याच्या गुणपत्रिकेची ही कथा मी मुद्दाम जरा लांबवून सांगितली. आमच्या वर्गातील काही मित्रमैत्रिणींना तिचा उपयोग होईल.

सुरुवातीची वर्षे मद्रास इलाख्यात गेली. काम थोडे, वेळ पुष्कळ. सकाळी रुग्णालयात फेरी मारावी, मग घोडा, पोलो, गणिताची पुस्तके आणि कादंबरीलेखन. या रिकामपणातच १८८३ साली बंगलोरला एक क्षुल्लक गोष्ट घडली. त्याला राहायला मिळालेल्या बंगल्यात डासांचा सुळसुळाट होता. रॉसच्या लक्षात आले, की खिडकीबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळत आहेत. त्याने पिंप उलटे केले. डास कमी झाले. मग त्याने वरिष्ठ अधिकाऱ्याला सुचवले, की भोजनगृहाच्या आसपासची भांडी, फुलदाण्या, डबे असेच रिकामे करून घ्यावेत. साहेबाला ते पटले नाही. निसर्गाने डास निर्माण केले ते काही उद्देशानेच असतील, आपण त्यात ढवळाढवळ का करावी, असा त्याचा सूर होता. रॉसला त्या वेळी डासाचा आणि हिवतापाचा संबंध मुळीच माहीत नव्हता. परंतु त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचे सार मला या प्रसंगात दिसते. उपाय सापडणे एक, आणि तो वरच्यांच्या गळी उतरवणे दुसरे.

त्याच सुमारास म्हणजे १८८० साली, अल्जीरियात लाव्हरां नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात एक सूक्ष्म जीव पाहिला होता. हा परोपजीवी रक्तातील तांबड्या पेशींत शिरतो, त्या पोखरून खातो, आणि त्याच्या पोटात काळसर कण साठतात. पेशी एकदम फुटल्या, की रोग्याला थंडी वाजून ताप चढतो. हे काळे कण वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे सारी गोष्ट त्यांवरच येऊन ठेपते. रॉसने लाव्हरांचे म्हणणे वाचले, आपल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले, त्याला काहीच दिसले नाही, आणि हे सर्व थोतांड आहे असे त्याने ठरवून टाकले. घाईने मत बनवणे हा त्याचा जुना दोष होता.

१८९४ साली रजेवर लंडनला गेला असता पॅट्रिक मॅन्सन या अनुभवी डॉक्टरने त्याला ते जीव प्रत्यक्ष दाखवले. मॅन्सनने चीनमध्ये असताना हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू डासाच्या पोटात जातात हे सिद्ध केले होते. हिवतापाचेही तसेच असावे असा त्याचा तर्क होता. पण तो तर्क अर्धाच बरोबर होता. डास रोग्याचे रक्त पितो, मग पाण्यावर अंडी घालून तिथेच मरतो, आणि ते पाणी प्यालेल्या माणसाला हिवताप होतो, असे त्याला वाटे. १८९५ साली रॉस हा अर्धा तर्क गाठीला बांधून हिंदुस्थानात परतला, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. नेमणूक झाली निजामाच्या मुलुखात, सिकंदराबादेत.

इथपासून पुढची दोन वर्षे म्हणजे चुकांचीच मालिका आहे. रॉस वाटेल ते डास पकडी, पिंजऱ्यासारख्या मच्छरदाणीत रोग्याला निजवी, त्यात डास सोडी, आणि चावलेल्या डासांना चिरून पाही. काही नाही. पुन्हा शेकडो डास. पुन्हा काही नाही. मॅन्सनचा तर्क पडताळण्यासाठी त्याने मेलेल्या डासांचे पाणी काही माणसांना पैसे देऊन पाजलेदेखील. हे वाचताना मी थबकले. ती माणसे कोण होती? दोन पैशांसाठी असले पाणी पिणारा माणूस कोण असणार, हे आमच्यासारख्या घरातून आलेल्यांना चांगले समजते. रॉस क्रूर नव्हता, त्या काळी असे प्रयोग सर्वत्र होत. तरी हे लिहिल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

मधेच सरकारने त्याला बंगलोरला पटकीची साथ आवरायला धाडले. तिथली गटारे, विहिरी, नळ तपासण्यात बरेच महिने गेले. संशोधन बाजूला पडले. पण शहराची स्वच्छता कशी चालते, पाणी कुठून येते आणि कुठे तुंबते, याचे शिक्षण त्याला फुकट मिळाले. १८९७च्या उन्हाळ्यात उटीजवळच्या सिगूर घाटात तो डास शोधायला उतरला आणि स्वतःच हिवतापाने आडवा झाला.

त्या वर्षीचा सिकंदराबादचा ऑगस्ट महिना. कोंदट हवा. खोली लहान. पंखा ओढणारा गडी होता, पण पंख्याच्या वाऱ्याने चिरलेले डास उडून जात म्हणून पंखा बंद. कपाळाच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, एक भिंगही तडकलेले होते. आणि इतके दिवस तो जे डास चिरत होता ते सारेच चुकीचे होते! घरात, गटारीत सर्रास आढळणारे राखी आणि पट्टेरी डास माणसाचा हिवताप वाहून नेतच नाहीत. ते काम एका निराळ्या जातीचे. तिच्या पंखांवर ठिपके असतात, भिंतीवर ती डोके खाली, पाठ वर अशी तिरपी बसते. तिला ॲनॉफिलीस म्हणतात. रॉसला हे नाव तेव्हा ठाऊक नव्हते. तो त्यांना नुसते ठिपकेदार पंखांचे डास म्हणे.

ऑगस्टच्या मध्यावर त्याच्या माणसांनी कुठूनशा आणलेल्या अळ्यांतून असे काही डास निपजले. १६ तारखेला हुसेन खान नावाच्या रोग्याला मच्छरदाणीत निजवून ते आत सोडले. ठराव असा, की जितके डास चावतील तितके आणे. दहा डासांनी पोटभर रक्त घेतले. हुसेन खानला दहा आणे मिळाले.

पुढील दिवसांत एकेक करून डास चिरायला सुरुवात झाली. काही मेले, काही चिरण्यात वाया गेले. २० ऑगस्ट १८९७ या दिवशी, रक्त पिऊन चार दिवस झालेल्या डासाच्या जठराच्या आवरणात रॉसला एक वाटोळी पेशी दिसली. पूर्वी हजारदा डास चिरूनही न दिसलेली. आणि तिच्यात ते काळे कण होते! हिवतापाच्या जंतूच्या पोटात आढळणारे तेच कण. दुसऱ्या दिवशी त्याने शेवटचा डास मारला. त्यातही त्या पेशी होत्या, आणि आदल्या दिवसापेक्षा मोठ्या झालेल्या. म्हणजे त्या डासाच्या शरीरात वाढत होत्या. डास हा नुसता हमाल नव्हता. हिवतापाच्या जंतूचे ते दुसरे घरच होते. त्या आनंदात रॉसने कविता लिहिली. बापाने डॉक्टर केलेला कवी त्या रात्री पुन्हा कवी झाला. २० ऑगस्ट हा दिवस जगभर आज डास दिन म्हणून पाळला जातो.

आता सरकारने काय करावे? त्याला सुट्टी द्यावी, रोगी द्यावेत, यंत्रे द्यावीत. सरकारने बदली केली. सप्टेंबरअखेर हुकूम आला, तो मुंबईस आला आणि तेथून त्याची रवानगी राजपुतान्यातील खेरवाडा या आडवळणी छावणीत झाली. तिथे हिवताप जवळजवळ नव्हताच. सोन्याची खाण सापडलेल्या माणसाला दुसऱ्या गावी पाठवावे तसे झाले. मॅन्सनने लंडनहून खटपट केली, तेव्हा कुठे १८९८च्या फेब्रुवारीत त्याला खास कामगिरीवर कलकत्त्यास नेमण्यात आले.

कलकत्त्यात निराळेच संकट. प्लेगची दहशत शहरावर पसरली होती, लस टोचणाऱ्यांविषयी लोकांत संशय होता, आणि सुई घेऊन येणारा गोरा डॉक्टर दिसला की माणसे पळत. बोट टोचू द्यायला कोणी तयार होईना. मग रॉसने पक्षी धरले. चिमण्यांना, चंडोलांना हिवतापासारखाच रोग होतो आणि तो दुसऱ्या जातीचे डास पसरवतात. या कामात महंमद बक्ष नावाचा त्याचा मदतनीस रात्रंदिवस राबला. डास पाळायचे, पक्षी सांभाळायचे, मच्छरदाण्या बांधायच्या. किशोरीमोहन बंद्योपाध्याय या बंगाली सहकाऱ्याचेही या कामात मोठे साहाय्य झाले. ४ जुलै १८९८ रोजी रॉसला शेवटचा दुवा सापडला. डासाच्या पोटातील त्या पेशी फुटतात, त्यांतून सुईसारखे असंख्य जंतू निघतात आणि ते डासाच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतात. डास पुन्हा चावला, की लाळेबरोबर जंतू नव्या शरीरात! मग त्याने असे डास निरोगी चिमण्यांना चावू दिले आणि त्यांपैकी बहुतेक चिमण्या आजारी पडल्या. हवा नाही, पाणी नाही. केवळ चावा. तोही फक्त मादीचा, कारण अंडी पिकवायला तिलाच रक्त लागते.

मॅन्सनने ही वार्ता त्याच महिन्यात एडिंबरोच्या वैद्यक परिषदेत जाहीर केली. इकडे सरकारने रॉसला काळ्या आजाराच्या चौकशीसाठी आसामात पाठवून दिले. तो तिथे असतानाच इटलीमध्ये ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९८च्या अखेरीस माणसाच्या हिवतापाचे सबंध चक्र ॲनॉफिलीस डासात दाखवून दिले. श्रेय कोणाचे, यावरून मग जी भांडणे लागली ती मरेपर्यंत मिटली नाहीत. १९०२ साली नोबेल पारितोषिक एकट्या रॉसला मिळाले, आणि ते मिळवणारा तो पहिला ब्रिटिश ठरला. तरीही त्याने ग्रासीवर आग पाखडणे सोडले नाही. पुढे तर गुरुस्थानी असलेल्या मॅन्सनशीही त्याचे बिनसले. सरकारने आपल्याला पैसा दिला नाही ही तक्रार तो सतत करीत राहिला. चरित्रनायकाचे दोष झाकावेत असा आपल्याकडे प्रघात आहे, पण मला तो पटत नाही. रॉस तापट होता, मानी होता आणि हट्टी होता. ज्या हट्टाने तो मित्रांशी भांडला त्याच हट्टाने त्याने तडकलेल्या भिंगातून डास चिरले.

बहुतेक पुस्तकांत रॉसची कथा नोबेलपाशी संपते. मला तर ती तिथून पुढेच खरी वाटते. १८९९ साली नोकरी सोडून तो लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात शिकवू लागला आणि त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेला. त्याचे म्हणणे सरळ होते. डासाला पाणी हवे. अंड्यापासून उडणारा डास होईपर्यंत उष्ण हवेत आठ-दहा दिवस लागतात, आणि हे सारे दिवस तो साठलेल्या पाण्यात असतो. त्या अवधीत पाणी ओतून टाका, डबके बुजवा, चर खणा, विहीर झाका, नाहीतर वर थोडे तेल पसरा. उडालेल्या डासामागे धावण्यापेक्षा न उडालेला मारणे सोपे. यासाठी झाडूवाले, मजूर आणि मुकादम यांची पथके नेमा आणि ती दर आठवड्याला फिरवा. यावर त्याने १९०२ साली छोटेखानी पुस्तकही काढले.

फ्रीटाउन शहरात एका दानशूर गृहस्थाच्या पैशातून असे पथक उभे राहिले. रस्त्यांतील डबकी बुजली, डास घटले. मग पैसा संपला, पथक मोडले, आणि डबकी पुन्हा भरली. उलट सुएझ कालव्यावरील इस्माइलिया गावात कालव्याच्या कंपनीने १९०२ साली रॉसला बोलावून त्याचा सल्ला तंतोतंत पाळला. तिथे वर्षाला दोन हजारांच्या आसपास रोगी होत. तीन वर्षांत ती संख्या शंभराच्या आत आली. पनामा कालव्यावर अमेरिकन डॉक्टर गॉर्गस यानेही डासांविरुद्ध अशीच मोहीम चालवली. त्यापूर्वी तिथे फ्रेंचांचे हजारो मजूर पिवळ्या तापाने आणि हिवतापाने मेले होते आणि कालवा अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले होते.

आणि हिंदुस्थानात? ज्या भूमीत शोध लागला तिथे लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत काही वर्षे प्रयोग झाला. कालव्यांच्या जाळ्यातील त्या जागी डास फारसे हटले नाहीत, आणि डासनाशाचा मार्ग हिंदुस्थानास परवडणारा नाही, लोकांना कोयनेल वाटावे हेच बरे, असा सूर सरकारी डॉक्टरांनी लावला. रॉस संतापला. पाटाचे पाणी तसेच वाहते ठेवून, अपुऱ्या पैशात, अर्ध्या मनाने केलेला प्रयोग फसला म्हणून उपाय खोटा कसा ठरतो, असे त्याचे म्हणणे होते. मुंबईत मात्र १९११ साली डॉ. बेंटली यांनी पाहणी करून दाखवले, की शहरातील हिवतापाचे मूळ घरोघरच्या विहिरींत आणि टाक्यांत आहे. विहिरी झाकण्याचे हुकूम निघाले तेव्हा धार्मिक भावनांचा प्रश्न उभा राहून पुष्कळ वाद झाला. मुंबईत आजही पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण नसेल तर महापालिका नोटीस देते, त्याची मुळे अशी लांबवर गेलेली आहेत.

लहानपणीचे गणितही अखेर कामास आले. १९०७ साली रॉस मॉरिशसला गेला. उसाच्या मळ्यांत राबायला आपल्या देशातून नेलेले मजूर तिथे होते, त्यांत मराठी माणसेही होती. १८६०नंतरच्या दशकात या बेटावर हिवतापाने हाहाकार माजवला होता. रॉसने हजारो मुलांची पोटे चाचपवून पाणथरी वाढली आहे की नाही याची मोजदाद केली. मग कागदावर हिशेब मांडला. एका रोग्यापासून डासांमार्फत आणखी किती जणांना रोग होतो? तो बरा होईपर्यंत सरासरी एकापेक्षा जास्त जणांना होत असेल तर रोग वाढत जाईल. एकापेक्षा कमी जणांना, तर तो आपोआप विझेल. म्हणजे पृथ्वीवरचा शेवटचा डास मारण्याची गरजच नाही! एका ठरावीक मर्यादेखाली डास आणले आणि ते तिथेच ठेवले म्हणजे पुरे. गणिताचा मला लहानपणापासून धाक आहे, परंतु हा हिशेब मला समजला आणि समजल्यावर रात्री झोप आली नाही. अलीकडच्या महामारीत वृत्तपत्रांतून ज्या आकड्याची रोज चर्चा होत असे, त्याचे एक मूळ या डासांच्या हिशेबात आहे.

पुढची वर्षे मी भराभर सांगते. १९११ साली त्याला सर ही पदवी मिळाली. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात, ऑगस्ट १९१४ मध्ये, त्याचा थोरला मुलगा फ्रान्समध्ये रणांगणावर पडला. १९१७ साली ग्रीसमधील फौजांच्या हिवतापावर सल्ला द्यायला जाताना त्याचे जहाज टॉर्पेडोच्या माऱ्यात सापडले, पण तो वाचला. १९२६ साली लंडनमध्ये त्याच्या नावाची संस्था व रुग्णालय निघाले. ७ जानेवारी १९२७ रोजी कलकत्त्याच्या त्याच रुग्णालयापाशी त्याच्या स्मारकद्वाराचे अनावरण झाले, आणि त्या समारंभाला सत्तरीकडे झुकलेला रॉस स्वतः हजर होता. १९३१ साली पत्नी वारली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी आपल्याच नावाच्या रुग्णालयात तो मरण पावला.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडे दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घराघरांत डीडीटी फवारली गेली, बोटातून रक्त घेणारे कर्मचारी गावोगाव फिरले. १९६५ साली रोग्यांची संख्या एक लाखापर्यंत खाली आली. रोग गेलाच असे सर्वांना वाटले. पथके ढिली पडली, डासांना डीडीटी पचू लागली, आणि १९७६ साली पुन्हा चौसष्ट लाख रोगी! फ्रीटाउनचीच गोष्ट, फक्त एवढ्या मोठ्या देशात. त्यानंतर पुष्कळ सुधारले. औषधांत भिजवलेल्या मच्छरदाण्या आल्या, चिनी वनस्पतीपासून नवे औषध निघाले, आशाताई दारात बसून पंधरा-वीस मिनिटांत तपासणी करतात, लसही निघाली आहे. तरी २०२३ साली जगात सुमारे सहा लाख माणसे हिवतापाने मेली, त्यांत बहुतेक आफ्रिकेतली लहान मुले. आपल्या राज्यातही गडचिरोलीसारख्या जंगलभागात हा रोग ठाण मांडून आहे.

गेल्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर योगायोगाने आमच्याच गावी होते. नाल्याकाठची डबकी बुजवण्याचे काम मी सरांना सुचवले आणि त्यांनी ते मानले. हिवतापाचा डास गटारात नव्हे, असल्या निवळ पाण्यातच वाढतो, हे गावकऱ्यांना सांगताना माझी जीभ प्रथम अडखळली. शहरातल्या पोरींनी माझ्या बरोबरीने घमेली उचलली. विहिरीत गप्पी मासे सोडले. समारोपाला सरपंचांनी भाषण केले, हारतुरे झाले. शिबिर सात दिवसांचे होते.

पाऊस पडून गेल्यावर मी गावी गेले, तेव्हा नाल्याच्या वळणावर पाणी पुन्हा साचले होते आणि त्यात अळ्या होत्या. मी आणि धाकट्या भावाने फावडे घेऊन चर काढला, पाणी वाहते केले. आता तो दर रविवारी जाऊन पाहतो. त्याला मी त्याबद्दल पाच रुपये देते. घरी आजी ओट्यावर वाट पाहत उभी होती. तिन्हीसांजेला नाल्यावर थांबू नका, वारं लागेल, म्हणून ती दुरूनच ओरडत होती. आम्ही दिवे लागायच्या आत परत आलो.